घरात एक व्हीगन, बाकी सगळे तूप-दह्यावाले. एकाच स्वयंपाकात कसं भागवायचं?

परळची_सकाळ

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्रच असते, पण आता अडलंय म्हणून धागा काढतेय.

आमचे चिरंजीव (वय २४, पवईला नोकरी) व्हीगन झालेत. म्हणजे दूध, दही, तूप, लोणी, पनीर, मध सगळं बंद, अंडी-मासे तर बंदच. डेअरीवाल्यांचे कुठलेतरी व्हिडिओ बघितले, मलाही दाखवले, मी अर्ध्यात बंद करायला लावले. त्याचं पटतं की नाही हा वेगळा विषय, तो मोठा आहे, त्याचं तो ठरवेल, त्यावर इथे वाद नकोय प्लीज. माझा प्रश्न ओट्यापुढचा आहे.

घरात आम्ही चौघं. नवऱ्याला बुधवार, शुक्रवार, रविवार मासे लागतात, सासूबाईंचं दहीभाताशिवाय पान संपत नाही, मी मधल्यामध्ये. सकाळी तीन डबे भरून, सासूबाईंचं झाकून ठेवून मला साडेआठला घर सोडावं लागतं, त्यामुळे याच्यासाठी वेगळी भाजी आणि त्यांच्यासाठी वेगळी असले लाड मला जमणार नाहीत आणि करायचेही नाहीत. एकाच कुकरमध्ये, एकाच कढईत सगळ्यांचं झालं पाहिजे.

अडतं कुठे तर चहा. सोयाचं दूध आणलं तर चहात फाटतं, ओटचं आणलं तर खिसा फाटतो. दुसरं दही. ताक, कढी, कोशिंबीर, दडपे पोह्यांवर घालायचं दही, किती ठिकाणी दही लागतं ते आता कळतंय. मग प्रोटीन आणि ते बी-१२, त्याबद्दल जो तो वेगळंच सांगतो. सासूबाईंनी तर धोशाच लावलाय की पोराची हाडं ठिसूळ होणार. आणि गणपती आले की मोदकांचं, पंचामृताचं काय करायचं?

यावर कडी म्हणजे साहेबांचं "माइंडफुल ईटिंग" चालू आहे. एक अ‍ॅप आहे, ते घासाघासाला टिंग करतं. मन लावून जेवता यावं म्हणून पानाशेजारी मोबाईल!! असो. अनुभवी लोकांनी सांगा.

---

कुडाळची_माहेरवाशीण

घाबरू नको गो बाय. आमच्याकडे नणंदेची मुलगी दूध पचत नाही म्हणून लहानपणापासून याच जेवणावर वाढलीय, तेव्हा व्हीगन वगैरे कोणी म्हणायचं नाही एवढंच.

तू आधी एक कर. तुझ्या आठवड्याभराच्या डब्यांची यादी आठव आणि त्यातून दूध-दही-तूप खरंच कशात आहे ते बघ. झुणका, पिठलं, थालीपीठ, भरली वांगी, मटकीची उसळ, वालाचं बिरडं, अळूचं फदफदं, काळ्या वाटाण्याची आमटी, मसालेभात, चपाती, भाकरी, यातल्या कशाच्याही पोटात दूध नसतं. तूप असतं ते वरून. तेव्हा नियम साधा, स्वयंपाक सगळा तेलात, आणि तुपाचं भांडं टेबलावर. ज्याला हवं त्याने पानात वाढून घ्यावं. मऊभातावर तुपाऐवजी आम्ही घाण्याचं खोबरेल घालतो, चमचाभरच, आणि वर मेतकूट. ज्यांनी खाल्लं नाही ते नाक मुरडतात, खाल्लेले परत मागतात. (डोक्याला लावायच्या बाटलीतलं नव्हे हो, खायचं वेगळं घ्यायचं. सांगितलेलं बरं.)

कोकणातलं म्हणशील तर नारळ आहे ना आपल्याकडे. सोलकढी म्हणजे आगळ आणि नारळाचं दूध, झालं तुझं ताकाचं काम. गोडाला खापरोळी आणि नारळाचा रस, शिरवाळे आणि रस, पातोळ्या, तवशाचं धोंडस, यातलं काहीही केलंस तरी तुझा मुलगा दोन घास जास्तच खाईल आणि सासूबाईंना कळणारही नाही की त्या व्हीगन जेवल्या. पुरणपोळीसुद्धा आमच्याकडे नारळाच्या दुधात बुडवूनच खातात.

नारळाचं दूध काढताना मिक्सरमध्ये कोमट पाणी घाल, थंड घातलंस तर चोथ्यातच अर्धं राहतं. पहिलं दाट वेगळं काढून ठेव, ते आमटीत अगदी शेवटी घालायचं आणि मग गॅस मोठा करायचा नाही, फुटतं. आणि रोज रोज नारळ नको, त्यात चरबी असते भरपूर, हेही सांगते.

---

कटिंग_मारके

चहाचा विभाग माझ्याकडे द्या. लॅक्टोज पचत नाही म्हणून मी सगळे प्रयोग करून बसलोय.

सोयाचं दूध फाटतं कारण चहाचं पाणी थोडं आंबटाकडे झुकलेलं असतं आणि वर उकळतं, त्या दोन्हीत सोयाच्या प्रोटीनच्या गाठी होतात. त्यात तुम्ही आलं घालून चांगला कढवत असणार, म्हणजे संपलंच. उपाय असा की चहा कोरा पूर्ण उकळून घ्यायचा, साखर घालायची, गॅस बंद करून मिनिटभर थांबायचं. दूध दुसऱ्या भांड्यात वेगळं गरम करायचं आणि त्या गरम दुधात चहा हळूहळू ओतायचा, चहात दूध नाही. परत उकळी काढायची नाही. बऱ्याचदा जमतं, कडक पत्ती असेल तर तरीही दगा देतं.

विकतच्या ओटच्या दुधात "बरिस्ता" लिहिलेले जे खोके येतात त्यात आंबटपणा सांभाळायला काहीतरी घातलेलं असतं म्हणून ते फाटत नाही. पण भाव गाईच्या दुधाच्या तीन-चार पट. ओट भिजवून घरी करायला जाल तर गरम झालं की बुळबुळीत होतं, पेज पितोय असं वाटतं, चहाला उपयोग नाही.

सगळ्यात स्वस्त आणि मस्त म्हणजे काजू. मूठभर काजूतुकडा (अख्खे नकोत, तुकडा घ्या मशीद बंदरहून किंवा क्रॉफर्ड मार्केटातून, बराच स्वस्त पडतो) रात्री भिजवायचा, सकाळी आधी अगदी कमी पाण्यात गंधासारखा वाटायचा, मग पाणी वाढवायचं. गाळायची पण गरज नाही. चहाला रंग येतो, दाटपणा येतो. जास्त उकळलात तर घट्ट होतं एवढंच.

आणि खरं सांगू? दुधाच्या चहाची नक्कल करायला गेलं की नेहमी काहीतरी कमीच वाटतं. गवती चहा, आलं, पुदिना, लिंबू पिळून कोरा, त्याची चव वेगळी म्हणून प्यायला लागलो तेव्हा कुठे माझी कटकट संपली.

---

आहार_आणि_बरंच_काही

मी आहारतज्ज्ञ आहे, खाजगी दवाखान्यात काम करते. इथे लिहितेय ते सर्वसाधारण आहे, मुलाला तपासल्याशिवाय त्याचं नेमकं सांगता येणार नाही हे धरून वाचा.

पहिलं बी-१२, कारण बाकी सगळं ताटातून मिळू शकतं, हे मिळत नाही. बी-१२ बॅक्टेरिया तयार करतात, ते आपल्यापर्यंत येतं दूध, अंडी, मासे, मटण यांतून. वनस्पतीत ते भरवशाचं नसतं. स्पिरुलिनाच्या गोळ्यांवर लिहिलेलं असतं ते बहुतेक शरीराला न वापरता येणाऱ्या प्रकारचं असतं. इडली आंबवलेली आहे म्हणून त्यात भरपूर मिळतं, हेही खरं नाही. रोजची गरज जेमतेम दोन-अडीच मायक्रोग्रॅमची, पण ती चुकवून चालत नाही. घोळ असा की यकृतात साठा असतो, तो काही वर्षं पुरतो, त्यामुळे माणूस म्हणतो बघा मला काही झालं नाही. मग हातापायाला मुंग्या, थकवा, विसराळूपणा सुरू होतो आणि मज्जातंतूंचं नुकसान जास्त झालं तर ते पूर्ण भरून येईलच असं नाही. तेव्हा आत्ताच रक्त तपासा आणि डॉक्टरांना विचारून गोळी सुरू करा, ही गोळी व्हीगन माणसाला कायमची. जाता जाता, तुमची, सासूबाईंची पण तपासणी करून घ्या. दूध पिणाऱ्या शाकाहारी घरांतही बी-१२ कमी निघणं अगदी रोजचं आहे, आणि डायबेटिससाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर आणखीच.

प्रोटीन. भारतीय शिफारस किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६५ किलोच्या मुलाला ५४ ग्रॅमच्या आसपास. कच्च्या डाळीत १०० ग्रॅमला २२-२४ ग्रॅम असतं, पण आपल्या वाटीभर पातळ वरणात डाळ असते कितीशी, ३० ग्रॅम धरा, म्हणजे ७ ग्रॅम. घरोघरी गल्लत होते ती इथे, "डाळ खातो की रोज" म्हणतात आणि ती डाळ म्हणजे हळदीचं पाणी. वरण घट्ट करा, सोबत उसळ असू दे, मूठभर दाणे (२५-३० ग्रॅममध्ये ७ ग्रॅम). सोयाचंक्समध्ये तर वजनाच्या निम्मं प्रोटीन असतं, ३० ग्रॅम कोरडे भिजवून खिम्यासारखे केलेत तर १५ ग्रॅम सुटतात. डाळीत जे अमायनो अ‍ॅसिड कमी ते भात-चपातीत असतं आणि उलट, त्यामुळे वरणभात, भाकरी-पिठलं, खिचडी या जोड्या चांगल्याच आहेत. एकाच घासात दोन्ही गेलं पाहिजे असंही नाही, दिवसभरात गेलं तरी पुरे.

हाडांबद्दल सासूबाईंची काळजी अगदीच अस्थानी नाही. पेलाभर दुधातून साधारण २४० मिलिग्रॅम कॅल्शियम जातं, ते बंद झालं की कुठून तरी आलं पाहिजे, गरज दिवसाला १००० ची. नाचणीत १०० ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास, शेवग्याच्या पाल्यात तीनशेच्या वर. तिळात हजाराच्या वर, पण तीळ आपण चमचाभर खातो आणि त्यातलं ऑक्झलेट थोडं अडवतं. त्यामुळे एकाच गोष्टीवर भिस्त नको. नाचणीची भाकरी आठवड्यातून तीन-चारदा, तिळाची नाहीतर कारळ्याची चटणी रोज ताटात, आणि टोफू घेतलात तर पाकिटावर कॅल्शियम सल्फेट लिहिलंय का बघा. ओट-बदामाचं विकतचं दूध घेतलंत तर कॅल्शियम घातलेलं घ्या, नाहीतर ते नुसतं महागडं पाणी आहे कॅल्शियमच्या दृष्टीने.

लोहाचं एकच सांगते. पालेभाजी-उसळीवर लिंबू पिळा आणि जेवणावर लगेच चहा पिऊ नका, तासभर तरी जाऊ दे. कडधान्यं भिजवून मोड आणली की लोह लागायला सोपं जातं, हे आपल्या आज्यांनी कारण माहीत नसताना केलं.

आणि मुलाला हे माहीत असेल-नसेल, व्हिटॅमिन डी-३ बहुतेक ठिकाणी मेंढीच्या लोकरीच्या मेणापासून करतात, आणि कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं असू शकतं. लायकेनपासून (आपलं मसाल्यातलं दगडफूल असतं त्या प्रकारचं) केलेलं डी-३ मिळतं, नाहीतर डी-२. हे त्याला आधीच सांगा, नंतर कळलं की गोळ्याच टाकून देतात ही मुलं.

---

जुना_गिरगावकर

वाद नको म्हणालात म्हणून वाद घालत नाही, पण आपल्या बापजाद्यांनी दूध-तूप खाऊन नव्वदी गाठली, आता हे नवं खूळ. दोन महिन्यांत पापलेट बघून विरघळेल, बघा.

---

टाकळा_भारंगी

@जुना_गिरगावकर, अहो काका, कुणाच्या बापजाद्यांनी? आमच्या आजीच्या गावी, राजापूरच्या बाजूला, दूध म्हणजे चहापुरतं आणि आजारी माणसाला. मुंबईत तरी दूध कुठे मुबलक होतं, १९४९ मध्ये आरे कॉलनी झाली आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं लोक कार्ड घेऊन पहाटे बूथवर रांगा लावत होते, गिरगावात तुम्हीच उभे राहिला असाल. देशभर दुधाचा सुकाळ आणणारं ऑपरेशन फ्लड १९७० चं. रोज पनीर, रोज वाटीभर दही ही चंगळ त्यानंतरची आहे. तूप तर सणावारी पानात पडायचं.

बाकी पापलेटचं म्हणाल तर आत्ताच्या भावात तसंही कोण खातंय.

---

जुना_गिरगावकर

रांगेत उभा होतो खरा. काचेच्या बाटल्या असायच्या, झाकणाच्या रंगावरून दूध कोणतं ते कळायचं. पापलेटच्या भावाबद्दल अनुमोदन.

---

दाणे_कूट_मीठ

दह्याचं मी सांगते, दाण्याचं दही. आमच्याकडे गेली काही वर्षं हेच लागतं, गाईच्या दह्याचं विरजणही लागत नाही.

वाटीभर कच्चे शेंगदाणे रात्रभर भिजत घालायचे. सकाळी पाणी टाकून द्यायचं, दाणे चोळून सालं काढायची (सगळी नाही निघाली तरी चालेल, रंग थोडा गुलाबीसर येतो इतकंच). मिक्सरला आधी थोड्या पाण्यात अगदी मऊ वाटायचं, मग एकूण तीन वाट्या पाणी होईल इतकं घालून परत फिरवायचं आणि पंचाच्या फडक्यातून घट्ट पिळून घ्यायचं. चोथा टाकू नका, थालीपिठात किंवा कोशिंबिरीत जातो.

हे दूध जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर सतत ढवळत उकळायचं. बुडाला फार पटकन लागतं, आणि लागलं की सगळ्याला करपट वास, मग काही खरं नाही. उतू पण दुधापेक्षा लवकर जातं. दोन-तीन उकळ्या आल्या की कच्चा वास जाऊन भाजल्या दाण्यासारखा वास यायला लागतो, तेव्हा बंद. आता कोमट होऊ द्या, करंगळी बुडवून सहन होईल इतकं. त्यात हिरव्या मिरचीची देठं, सहा-सात, धुतलेली, देठाला मिरचीचा थोडा टोपीसारखा भाग असू दे. देठं पूर्ण बुडली पाहिजेत. झाकून उबेत ठेवायचं. मुंबईच्या उन्हाळ्यात सात-आठ तासांत लागतं, पावसाळी हवेत रात्रभर धरा.

पहिलं दही थोडं पातळ, थोडं उग्र होतं. चव घेऊन नाक मुरडू नका. त्यातलंच चमचाभर पुढच्या दुधाला विरजण म्हणून लावा, दुसरं-तिसरं दही छान घट्ट, आंबटगोड लागतं. देठांवरचे जिवाणूच हे काम करतात. वरच्या थराला गुलाबी-काळसर बुरशी दिसली तर मात्र सरळ फेकायचं, वरचं काढून खालचं खायचं नाही.

कोशिंबिरीला, दडपे पोह्यांना, दहीबुत्तीला एकदम चालतं. ताक होतं, त्याला जिरं-हिंगाची फोडणी द्यायचीच, म्हणजे दाण्याची चव मागे जाते. कढीला मात्र बेसन नेहमीपेक्षा थोडं जास्त लावा आणि उकळी न काढता नुसती वाफ येऊ दे. श्रीखंड करायला जाऊ नका. मी केलंय, सांगत नाही त्याबद्दल.

ज्यांना दाण्याची अ‍ॅलर्जी आहे त्यांनी अर्थातच यातलं काहीही करायचं नाही.

---

परळची_सकाळ

बाप रे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी, ऑफिसमध्ये लपून वाचतेय. काजूचा चहा करून बघितला, सासूबाईंनी घोटभर चाखून "बरा आहे" म्हटलं, हे आमच्याकडे फार मोठं सर्टिफिकेट आहे. खोबरेल तेलाला मात्र नवऱ्याने साफ नकार दिलाय.

रक्त तपासायला या शनिवारी दोघं जातोय, मी आणि मुलगा.

आता बाहेरच्या खाण्याचं सांगा. ऑफिसातून येता येता तो काहीही खातो आणि मग पावात दूध असतं का, चटणीत काय असतं असं मला फोन करून विचारतो, जसा काही पाव मी भाजलाय.

---

लोकल_खाऊ

हाहा. सांगतो, हा आमचा प्रांत.

वडापाव: वडा बेसनाचा, तेलात तळलेला, लसणाची सुकी चटणी, सगळं चालतं. लादीपाव म्हणजे मुख्यतः मैदा, यीस्ट, मीठ, पाणी. काही बेकऱ्या दूध पावडर घालतात किंवा वरून दुधाचा नाहीतर बटरचा हात फिरवतात, त्यामुळे नेहमीच्या गाडीवाल्याला एकदा विचारून ठेवायचं कुठल्या बेकरीचा पाव, मग रोज विचारायला नको. मस्कापाव, ब्रून मस्का गेलं. बनपावही बहुतेक ठिकाणी गेलाच.

भेळ, शेवपुरी, पाणीपुरी चालते. दहीपुरी नाही, हे सांगायला नको. मिसळ चालते, दही बाजूला ठेवायला सांगायचं. पावभाजीवाल्याला कितीही सांगा "बटर मत डालना", तव्यावर आधीच्याचं बटर असतंच, तो विषय सोडून द्यावा. उडप्याकडे इडली, साधा डोसा, मेदूवडा, सांबार. पण ऑर्डर देताना "घी-बटर नको, तेलात" आधी सांगायचं, नंतर नाही, कारण त्यांचा हात सवयीने फिरतो. उपमा बऱ्याच ठिकाणी तुपात असतो, शिरा तर असतोच. माटुंग्याला गेलात तर रसमभात, केळीचे वेफर्स (खोबरेलात तळलेले), मजा आहे.

पाकिटांवरचा हिरवा ठिपका बघून फसू नका. हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, त्यात दूध, दुधाची पावडर, मध सगळं येतं. व्हीगनचं चिन्ह वेगळं आहे, हिरवं इंग्रजी व्ही आणि त्यावर पान, एफएसएसएआयने (अन्नसुरक्षेची सरकारी संस्था) २०२२ मध्ये व्हीगन पदार्थांचे नियम काढले तेव्हापासूनचं. ते नसेल तर मागची बारीक अक्षरं वाचायची. मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन, बटर ऑइल यातलं काही दिसलं की दूध आलं. साध्या ग्लुकोज बिस्किटात पण असू शकतं, आणि मसाला लावलेल्या वेफर्सच्या मसाल्यातसुद्धा, तिथे कुणाला शंकाही येत नाही. साधे खारे वेफर्स बहुतेक सुटतात.

पण काकू, मुलाला एक सांगा, माझ्याकडे बघून. वडापाव, फरसाण, वेफर्स, कोल्ड्रिंक हे सगळं व्हीगनच आहे. मी यावर सहा महिने जगलो आणि वजन वाढवून घेतलं.

---

टाकळा_भारंगी

शेवटच्या परिच्छेदाला +१०००. लोक दूध सोडतात आणि तेवढ्यावर तब्येत सुधारेल असं धरून चालतात. सोडल्याने नाही, जागेवर काय आलं त्याने फरक पडतो. पनीरच्या जागी मैदा आला तर गेलंच की सगळं.

मोदकांचं राहिलं बघा. सारणात तूप घालायची गरजच नाही, ओलं खोबरं गुळाबरोबर शिजताना स्वतःचं तेल सोडतं. उकडीच्या पाण्यात चमचाभर तेल, मळताना हाताला तेल-पाणी. वाफवून झाले की ज्याला हवं त्याने तूप सोडून घ्यावं. पंचामृत देवाचं, ते सासूबाईंच्या पद्धतीने होऊ दे, मुलाला तीर्थाऐवजी गूळ-खोबरं द्या, वाद घालू नका, त्यालाही सांगा घालू नकोस. वर्षातून एक दिवस आहे.

आता त्या टिंगटिंग अ‍ॅपबद्दल. मला हसू आलं पण त्यामागचं खरं आहे. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत जायला वेळ लागतो, पंधरा-वीस मिनिटं म्हणतात, आणि आपण डबा सात मिनिटांत संपवतो, निम्मा वेळ स्क्रीनकडे बघत. मग तासाभरात वेफर्स. अ‍ॅपशिवाय करायचं तर आमच्या घरी दोन गोष्टी लावल्या. जेवताना सगळ्यांचे फोन फ्रीजवर, टीव्ही बंद (सासऱ्यांनी बातम्यांसाठी पहिले काही दिवस असहकार पुकारला होता). आणि पातेली टेबलावर आणायची नाहीत, हवं असेल तर उठून घ्यायचं. उठायच्या कंटाळ्याने निम्मी जादा खाण्याची सवय गेली. डाव्या बाजूला लिंबू-चटणी-कोशिंबीर वाढायची आपली पद्धत पण याच कामाची आहे, प्रत्येक घासाला काहीतरी वेगळं लागतं, मग माणूस नुसतं गिळत नाही.

पावसाळ्यात त्याला एकदा दादर स्टेशनबाहेर भाजीला घेऊन जा. पालघर-डहाणूकडच्या बायका बसतात, टाकळा, भारंगी, फोडशी, कुर्डू, शेवळं घेऊन. त्यांना विचारून विचारून भाजी घ्यायची, शेवळाबरोबर काकडं (काकडी नव्हे, आंबट रानफळं) मागून घ्यायची, नाहीतर घशाला खाज सुटते. घरी येऊन निवडत बसायला लावायचं. तासभर टाकळा निवडला की पुढे जेवताना कुठलं अ‍ॅप लागत नाही, आपोआप चव घेऊन खातो माणूस. माझ्या मुलीवर करून बघितलंय.

टाकळ्यात भिजवलेली मुगाची डाळ आणि भरपूर लसूण. ओलं खोबरं वरून. झालं.

---

आहार_आणि_बरंच_काही

फोन फ्रीजवरची आयडिया मी पेशंटना सांगणार आता. एक भर घालते, ज्यांना आधी खाण्यावरून ताण घ्यायची, मोजून मापून खायची सवय आहे अशा मुलामुलींना घासागणिक मोजणारी अ‍ॅप्स नकोतच. जेवण हळूहळू कमी होत चाललंय, बाहेर कुणाबरोबर जेवणं टाळतोय, वजन उतरतंय असं दिसलं तर ते व्हीगन असण्यावर ढकलून देऊ नका, बोला त्याच्याशी आणि गरज पडली तर दाखवा कोणाला तरी.

---

परळची_सकाळ

नाही हो, आमचा तसा नाही, दोन्ही हातांनी खातो. पण लक्षात ठेवते.

दाणे भिजत घातलेत. मिरच्यांची देठं सासूबाईंनी स्वतः खुडून दिली, "बघू तरी काय होतंय" म्हणून. त्यांचा एक प्रश्न आहे, मला विचारायला लावलाय: हे दाण्याचं दही उपासाला चालतं का?

---

दाणे_कूट_मीठ

दाणे चालतात, हिरवी मिरची चालते, मग देठाने काय घोडं मारलंय? आमच्याकडे चालतं. वऱ्याच्या तांदळाबरोबर द्या त्यांना, वर जिऱ्याची फोडणी. फक्त ती फोडणी दाण्याच्या तेलात.